दिव्यांची स्मृती : रंगमंचावरील पूर्वयोजित प्रकाशक्रमाचा इतिहास

रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपल्याकडे नाटककार, नट, गायक आणि फार तर नेपथ्यकार यांची गणना होते. दिव्यांपाशी बसणाऱ्याचे नाव त्यात क्वचितच सापडते. याचे कारण उघड आहे. नाटककाराची संहिता मागे उरते, गायकाच्या ध्वनिमुद्रिका उरतात, नटाची छायाचित्रे उरतात. प्रकाश मात्र पडदा पडताच नाहीसा होतो. पहाट किती वेळात उजाडली, संध्याकाळ कोणत्या वाक्यावर दाटून आली, हे दुसऱ्या दिवशी सांगण्यास ज्याने दिवे चालवले त्याच्या आठवणीखेरीज दुसरे साधन दीर्घकाळ नव्हते. ही आठवण कोणाजवळ ठेवायची, हाताजवळ, कागदाजवळ की यंत्राजवळ, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे रंगभूमीपुढे उभा आहे. आज लहान गावातल्या नाट्यगृहातही ठरलेला प्रकाशक्रम एका कळीच्या दाबाने चालवणारे यंत्र येऊन बसले आहे. अशा वेळी त्या यंत्रापर्यंतचा प्रवास शिक्षकांच्या आणि नाट्यप्रेमी मंडळींच्या डोळ्यांखालून गेलेला बरा, असे आम्हांस वाटते.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा आपल्याकडे प्रकाशाचा क्रम हा विषयच नव्हता. तेलाचे दिवे आणि मशाली यांचे काम नटाचे तोंड दिसावे एवढेच. कथानकात मध्यरात्र असो वा टळटळीत दुपार, उजेड तोच. वेळ बदलली हे सांगण्याचे काम सूत्रधाराच्या वाणीने आणि पदातल्या वर्णनाने केले. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारातही रीत हीच. आपल्या परंपरेत प्रकाश हा शब्दांत होता, आणि त्यात काही न्यून होते असे आम्ही मानीत नाही. परंतु ज्या रंगभूमीने हे काम शब्दांकडून काढून दिव्यांकडे सोपवले, तिला दिवे आवरण्याची सोय शोधणे भाग पडले.

ही सोय प्रथम गॅसने दिली. लंडनच्या नाट्यगृहांत 1817 साली रंगमंचावर गॅसचे दिवे आले. मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा एक तर पेटलेला असतो, नाही तर विझलेला. गॅसची ज्योत मात्र तोटी फिरवताच लहानमोठी होते. लवकरच सर्व नळ्या विंगेतल्या एका जागी आणून तेथे तोट्यांची रांग बसवण्यात आली. तिला ‘गॅस टेबल’ म्हणत. सबंध रंगमंचाचा उजेड एका माणसाच्या हाताखाली येण्याची ही पहिली वेळ. या टेबलापाशी उभा राहणारा मनुष्य नाटक पाठ असलेला असावा लागे. कोणत्या शब्दावर कोणती तोटी किती फिरवायची, हे त्याच्या मनगटात मुरलेले असे. हेन्री आयर्व्हिंग या विख्यात इंग्रज नटाने विजेचे दिवे मिळू लागल्यानंतरही आपल्या लायसियम नाट्यगृहात गॅसचीच आवड धरली, ती हटवादीपणाने नव्हे. प्रेक्षागृह काळोखात ठेवून रंगमंचावर गॅसच्या मऊ उजेडाचे थर रचण्याची त्याची कला त्या तोट्यांशी जोडलेली होती.

वीज आली ती लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात, 1881 साली. जोसेफ स्वान याने तयार केलेले सुमारे 1200 दिवे तेथे बसवले होते. 10 ऑक्टोबरला प्रेक्षागृह विजेने उजळले आणि 28 डिसेंबरला रंगमंच. त्या दिवशी नाट्यगृहाचे चालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी प्रेक्षकांसमोर एक पेटता दिवा फोडून त्यापासून आग लागत नाही हे दाखवून दिले. आगीचे भय गेले, पण दिवा मंद करण्याचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला. विजेच्या वाटेत तारेचा रोध घालून प्रवाह कमी करीत. काही ठिकाणी मिठाच्या पाण्याच्या भांड्यात धातूची पट्टी खालीवर करीत. पट्टी जितकी खोल, तितका उजेड अधिक. या डिमरांत मोठी उष्णता निर्माण होई, त्यांना जागा पुष्कळ लागे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र दांडी असे.

याच सुमारास प्रकाशाकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. अमेरिकन नर्तकी लॉई फुलर हिने 1892 पासून पॅरिसमध्ये जे नृत्य केले त्यात पांढऱ्या रेशमाच्या प्रचंड घोळावर रंगीत प्रकाश एकामागून एक पडत असे. हा क्रम यंत्राचा नव्हता. दिव्यांपुढे रंगीत काचा फिरवण्यास माणसे बसवलेली असत आणि ती तिच्या इशाऱ्यावर रंग पालटीत. स्विस विचारवंत अ‍ॅडॉल्फ आपिया याने 1899 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रकाशाचे नाते संगीताशी जोडले. गाण्यात सूर जसा काळाच्या ओघात उलगडतो तसा प्रकाशही उलगडावा, हे त्याचे म्हणणे. परंतु संगीताला स्वरलिपी होती, वाद्ये होती, वादक होते. प्रकाशाजवळ यांपैकी काहीच धड नव्हते. पुढच्या पाऊणशे वर्षांतील यंत्रांचा इतिहास म्हणजे ही उणीव भरून काढण्याचा इतिहास होय.

पहिली पायरी दांड्या एकत्र बांधण्याची. इंग्लंडात ‘ग्रँड मास्टर’ नावाचे बोर्ड प्रचारात आले. त्यात अनेक डिमरांच्या दांड्या एका आडव्या दंडाला अडकवून एका मोठ्या चाकाने सर्व मिळून फिरवता येत. हे सोयीचे खरे. पण त्यात गणिताची एक अडचण होती. समजा, एक दिवा पूर्ण तेजावर आहे आणि दुसरा निम्म्यावर. दोन्ही विझवायचे म्हणून चाक फिरवले, की दोन्ही दांड्या सारख्याच वेगाने खाली येतात. निम्म्यावरचा दिवा वाटेतच विझतो आणि पूर्ण तेजाचा मागे एकटा रेंगाळतो. चित्रातल्या रंगांचे परस्परप्रमाण मध्येच मोडते. प्रमाण राखून सर्वांनी एकाच क्षणी अंधारात पोहोचावे, हे लोखंडी दंडाला साधणारे नव्हते.

फ्रेडरिक बेंथम या इंग्रज अभियंत्याने 1935 साली निराळी वाट काढली. त्याने चित्रपटगृहातल्या ऑर्गनचा मंच उचलून दिव्यांना जोडला. वादकाने पट्ट्या आणि खुंट्या यांवर बोटे ठेवावी, पायाने पट्टी दाबावी, आणि दूर ठेवलेले डिमर विद्युच्चुंबकांच्या द्वारे हलावे, अशी ही रचना. बेंथम स्वतः संगीताच्या साथीने रंगीत प्रकाश वाजवून दाखवीत असे. प्रकाशचालक हा कामगार नसून वादक आहे, हा त्याचा आग्रह होता. त्याचे हे यंत्र सर्वत्र पसरले नाही. तरी बसून, रंगमंचाकडे पाहत दिवे चालवायचे, ही त्याची कल्पना टिकली. तोवर बहुतेक प्रकाशचालक विंगेत अशा जागी उभे असत की आपण केलेला उजेड त्यांना स्वतःला नीट दिसतही नसे.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या जॉर्ज आयझेनोर यांनी 1947 साली जी पद्धत सिद्ध केली तिने प्रमाणाचा प्रश्न सोडवला. त्यांच्या डिमरांत थायरॅट्रॉन नावाच्या नळ्या होत्या, आणि त्या अगदी क्षीण विद्युद्दाबाने आवरता येत. मुख्य दांडी अर्ध्यावर आणली की प्रत्येक दिवा स्वतःच्या तेजाच्या अर्ध्यावर येई. चित्र मंद होई पण मोडत नसे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक दिव्यासाठी एक नव्हे, दहा छोट्या खुंट्या होत्या. एक दृश्य चालू असता पुढील दृश्यांचे आकडे आगाऊ लावून ठेवायचे आणि वेळ येताच एका दांडीने एका दृश्यातून दुसऱ्यात जायचे. पूर्वयोजित प्रकाशक्रमाचे बीज येथे आहे. मनुष्याची आठवण प्रथमच खुंट्यांच्या रांगांत उतरली. मात्र दहा दृश्ये संपली की चालत्या प्रयोगात पुन्हा खुंट्या लावण्याची धावपळ आलीच.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मात्र याच काळात फार जुनी पद्धत नांदत होती. तेथील अनेक नाट्यगृहांत एकदिश प्रवाहाची वीज होती. ती नव्या डिमरांना चालत नसे. म्हणून ‘पियानो बोर्ड’ नावाच्या अवजड पेट्या विंगेत आणून ठेवीत आणि त्यांच्या दांड्या ओढण्यास तीनचार माणसे लागत. या माणसांजवळ जो कागद असे त्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. सबंध दृश्याचे आकडे त्यात लिहीत नसत. या संकेतावर कोणती दांडी कोठे न्यायची तेवढेच लिहीत. जी हलवायची नाही तिचा उल्लेखच नाही. ती होती तेथे राहते.

या दोन पद्धतींतील भेद आजच्या प्रत्येक यंत्रात शिल्लक आहे, म्हणून तो उदाहरणाने सांगतो. निळा दिवा पाचव्या संकेतावर 40 टक्क्यांवर आला आणि नवव्या संकेतावर विझला, असे धरा. आयझेनोर यांच्या पद्धतीत पाच, सहा, सात आणि आठ या चारही दृश्यांत 40 हा आकडा स्वतंत्रपणे मांडलेला असतो. तालमीत दिग्दर्शक म्हणाला, ‘निळा जरा कमी करा, 30 पुरे,’ तर चार जागी दुरुस्ती करावी लागते. पियानो बोर्डाच्या रीतीत पाचव्या संकेताचा आकडा बदलला की आठव्यापर्यंतचा बदल आपोआप होतो. आजच्या परिभाषेत या दुसऱ्या रीतीला ‘ट्रॅकिंग’ म्हणतात. ज्याला हा भेद ठाऊक नाही, त्याला यंत्राने मनानेच काहीतरी केले असे वाटते. यंत्र फक्त त्या दांड्या ओढणाऱ्या माणसांची जुनी सवय पाळीत असते.

1957 साली अमेरिकेत सिलिकॉनचा नियंत्रित दिष्टकारी निघाला आणि डिमर आकाराने लहान, किमतीने आवाक्यातला, वागणुकीने विश्वासू झाला. आता प्रश्न केवळ आकडे साठवण्याचा उरला. काहींनी भोके पाडलेल्या कार्डांचा उपयोग केला. 1960 नंतरच्या दशकात थॉर्न या ब्रिटिश कंपनीचे ‘क्यू-फाइल’ हे यंत्र दूरदर्शनच्या स्टुडिओत बसले. त्यात दृश्याचे सर्व आकडे एका कळीने स्मृतीत जात आणि दुसऱ्या कळीने परत येत. स्मृतियंत्र प्रथम दूरदर्शनमध्ये रुजावे हे साहजिक होते. एकाच स्टुडिओत आज बातम्या, उद्या नृत्य, परवा नाटक. आकडे कागदावर उतरवीत बसण्यास तेथे वेळ कोणाला?

ब्रॉडवेवर हा बदल 1975 साली झाला. ‘ए कोरस लाइन’ हे संगीतनाट्य समूहनृत्यात काम मागण्यास आलेल्या नर्तकांविषयी आहे. रंगमंच जवळजवळ मोकळा. नर्तक उघडपणे बोलतात तेव्हा एक प्रकाश आणि ते स्वतःच्या मनाशी बोलतात तेव्हा दुसरा. नेपथ्याने करायचे काम येथे दिव्यांकडे आले होते. प्रकाशयोजनाकार थेरन मसर या बाईंनी त्यासाठी गॉर्डन पर्लमन यांनी रचलेले ‘एल.एस.-8’ हे संगणकीय यंत्र आणले. ब्रॉडवेच्या नाटकात स्मृतियंत्राने दिवे चालवण्याचा हा पहिला प्रसंग. नाटक 1990 पर्यंत चालले आणि त्याचे 6137 प्रयोग झाले. पहिल्या रात्री जो उजेड होता तो हजाराव्या रात्री असणे, ही गोष्ट दांड्या ओढणाऱ्यांच्या हातून काटेकोरपणे होणारी नव्हती. मसर बाईंना त्या प्रकाशयोजनेसाठी 1976 साली टोनी पुरस्कार मिळाला. दुसरीकडे, तीनचार माणसांचे काम एका माणसावर आले, हेही सत्य आहे. यंत्राच्या इतिहासात ही बाजू वगळून चालणार नाही.

आता ठरलेला क्रम यंत्रात कसा राहतो ते पाहू. क्रमातल्या प्रत्येक पायरीला संकेत किंवा ‘क्यू’ म्हणतात. तिला क्रमांक असतो. तालमीत 12 आणि 13 यांच्यामध्ये नवी पायरी सुचली तर तिला 12.5 हा क्रमांक देऊन पुढचे आकडे न बदलता घालता येते. प्रत्येक पायरीत दिव्यांच्या तेजाचे आकडे असतात, आणि त्यांबरोबर काळ असतो: चढणारे दिवे किती सेकंदांत चढावे, उतरणारे किती सेकंदांत उतरावे, आरंभी किती थांबावे. पहाटेचा निळा 20 सेकंदांत ओसरावा आणि सोनेरी 90 सेकंदांत यावा, अशी निरनिराळी माने एकाच पायरीत देता येतात. एक पायरी संपताच दुसरी आपोआप सुरू व्हावी, अशी साखळीही जोडता येते. याहून वेगळा प्रकार ‘चेस’ म्हणजे धावत्या दिव्यांचा. त्यात काही पायऱ्या पुन्हा पुन्हा फिरत राहतात: पुढे, उलट किंवा येरझारा घालीत. याचा पूर्वज नाट्यगृहाच्या दारावरच्या विजेच्या पाट्यांत सापडतो. तेथे विजेच्या मोटारीने फिरणाऱ्या नळकांड्यावरील खुंट्या एकामागून एक दिवे लावीत आणि विझवीत. आजच्या यंत्रात नळकांड्याऐवजी आकडे आहेत आणि वेग कळीवर बोटाने ठेका धरून देता येतो.

संगीत जाणणाऱ्या वाचकांस हा भेद आपल्या शब्दांत सहज कळेल. चेस हा ठेक्यासारखा आहे. त्याचे आवर्तन चालू राहते, लय कमीजास्त करता येते. क्यू हा समेसारखा आहे. तो नेमक्या क्षणी यावा लागतो.

1986 साली अमेरिकेतील रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने ‘डी.एम.एक्स. 512’ हा संकेत ठरवला. तोपर्यंत एका उत्पादकाचे यंत्र दुसऱ्याच्या डिमरशी बोलेलच असे नव्हते. या संकेतानुसार एका तारेतून 512 चॅनेलांचे आकडे जातात. प्रत्येक आकडा 0 ते 255 यांमधला असतो आणि सर्वांची उजळणी सेकंदाला सुमारे 44 वेळा होऊ शकते. 1981 साली ‘जेनेसिस’ या वाद्यवृंदाच्या बार्सिलोना येथील कार्यक्रमापासून स्वतः वळणारे व रंग बदलणारे दिवे आले होते. अशा एका दिव्याला दिशा, रंग, तेज मिळून अनेक चॅनेल लागतात. असे दिवे दोन हातांनी चालवणे अशक्य. त्यामुळे पूर्वयोजित क्रम ही सोय न राहता गरज झाली.

यंत्रस्मृतीशिवाय काय साधते याची साक्ष आपल्याच देशात आहे. कलकत्त्याचे तापस सेन यांनी 1959 साली उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाण्याचे दृश्य, आणि त्याच वर्षी ‘सेतु’ या नाटकात धावत्या आगगाडीचा भास, मुख्यतः प्रकाशाच्या आधारे उभा केला. हे क्रम कोणत्याही संगणकात नव्हते. ते योजकाच्या डोळ्यांत आणि साहाय्यकांच्या हातांत होते. म्हणून त्यांच्याविषयी आज ऐकून वा वाचूनच जाणून घ्यावे लागते. यंत्राची बाजू मांडणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये, आणि हाताची बाजू मांडणाऱ्यांनीही. कारण त्यात हाताचे सामर्थ्य आहे तशीच हाताची नश्वरताही आहे.

मग यंत्राकडे काय सोपवावे आणि काय सोपवू नये? आमच्या संगीत नाटकाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. पद रंगले की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतात. गायकाने आज दोन आवर्तने घेतली, उद्या तो चार घेईल. समजा, पदानंतरची संध्याकाळ सेकंद मोजून यंत्राच्या साखळीत बांधून ठेवली आहे. गायक पुन्हा धृपदावर येत असताना रंगमंचावर अंधार उतरू लागेल, आणि दोष ना गायकाचा, ना यंत्राचा. तो साखळी जोडणाराचा. किती उजेड आणि किती वेळात, हे यंत्राने लक्षात ठेवावे. केव्हा, हे कानाने ठरवावे. मोठमोठ्या नाट्यगृहांतही रंगमंच व्यवस्थापक संहिता समोर ठेवून ‘तयार’ आणि ‘चालू’ असे संकेत देतो आणि मगच कळ दाबली जाते, ती याच कारणाने. जेथे संगीत ध्वनिमुद्रित आहे तेथे क्रम त्याला बांधून टाकण्यास हरकत नाही. ध्वनिमुद्रण रोज तेवढ्याच वेळात संपते. जिवंत नटाचा श्वास तसा नसतो.

शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि हौशी मंडळींच्या प्रयोगांत आम्ही अलीकडे जे पाहतो ते याच्या उलट आहे. भाड्याने यंत्र येते, त्यात कोणीतरी भरून ठेवलेले धावते दिवे असतात, आणि करुण प्रसंग असो वा पोवाडा, तेच आवर्तन फिरत राहते. मुलांना कळ ठाऊक असते. कळीमागे काय लिहिले आहे ते ठाऊक नसते. आमची सूचना साधी आहे. संहितेच्या समासात प्रथम पेन्सिलीने संकेत लिहावेत: कोणत्या शब्दावर, कोणता दिवा, किती तेज, किती सेकंद. एक तालीम तरी विद्यार्थ्याने फेडर हाताने सरकवून करावी, म्हणजे पाच सेकंद म्हणजे किती हे त्याच्या बोटांना कळेल. त्यानंतर क्रम यंत्रात भरावा. कळीवर अशा मुलास बसवावे की ज्याला नाटक पाठ आहे आणि ज्याचे डोळे यंत्राच्या पडद्याकडे नसून रंगमंचाकडे आहेत. संकेतांची वही प्रयोगानंतर शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि कार्यक्रमपत्रिकेत नटांच्या खाली त्या मुलाचेही नाव छापावे. पुढे कोणी त्या प्रयोगाविषयी विचारील, तर संहितेशेजारी उजेडाचाही लेख सापडेल.